बिघडलेली चित्रं आधी मांडा

प्रश्न असा आला आहे: "आम्ही नाशिकचे आठ मित्रमैत्रिणी, सगळे चाळिशीच्या पुढचे. शाळेत इंटरमिजिएटपर्यंत चित्रकला झालेली, मग मध्ये वीस वर्षं काहीच नाही. आता जलरंग परत सुरू केलेत. ऑक्टोबरमध्ये 'रोज एक चित्र' असं चॅलेंज घेतलं, अकराव्या दिवशी ग्रुप शांत झाला. मग त्र्यंबकला आउटिंग ठरवली. चित्र दोघांनीच काढलं, बाकीच्यांची मिसळ आणि फोटो झाले. कोणती चॅलेंजेस द्यावीत, आउटिंग कशी आखावी? आणि लक्ष्य म्हणून प्रदर्शन ठेवावं का?"

अकरा दिवस टिकलात, हे वाईट नाही. आमचा पुण्यातला ग्रुप २०११ मध्ये सुरू झाला, तेव्हा आमचं पहिलं 'रोज एक चित्र' सहाव्या दिवशी आटोपलं होतं. मी तोवर पंचवीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवत होते, त्यामुळे ग्रुपची 'बाई' मीच. आणि सहाव्या दिवशी चित्र न टाकणारीही पहिली मीच.

ऑक्टोबरचा तो महिनाभराचा उपक्रम मुळात जेक पार्कर या चित्रकाराने २००९ मध्ये स्वतःच्या शाईकामाला वळण लावायला सुरू केला. एकट्याने, शाईने, टेबलावर बसून करायचं काम ते. तुम्ही तेच जलरंगात, नोकरी, दिवाळीची साफसफाई आणि मुलांच्या परीक्षा सांभाळून करायला गेलात. पण खरं कारण वेळेचं नसतं. मी ग्रुपवरच्या जुन्या पोस्टी मागे जाऊन पाहिल्या होत्या. पहिले तीन दिवस सगळ्यांची चित्रं. चौथ्या दिवशी आमच्यातल्या एकाचं, जी. डी. आर्ट केलेल्याचं, फार सुंदर चित्र आलं, त्याला वीस अंगठे मिळाले. पाचव्या दिवशी तिघांची चित्रं कमी. सहाव्या दिवशी मी गळाले, कारण माझं त्या दिवशीचं चित्र चिखल झालं होतं आणि 'बाईंनी' चिखल कसा टाकायचा! तुमच्याकडेही नववा-दहावा दिवस काढून पाहा. कोणाचं तरी फार चांगलं चित्र तिथे असेल.

म्हणून चॅलेंजेसची यादी देण्याआधी एकच सांगते. तुमच्या ग्रुपला आत्ता विषयांची गरज कमी आहे आणि बिघडलेलं चित्र दाखवता येईल अशा जागेची जास्त. चांगलं चित्र दाखवायला ग्रुप लागत नाही, ते भिंतीवर लावलं की पाहुणे बघतातच.

आम्ही ती जागा अशी केली. दर वेळी बाहेर गेलो की शेवटचा अर्धा तास 'ओळीचा'. सगळी चित्रं जमिनीवर, पायरीवर, नाहीतर गाडीच्या बॉनेटवर एका ओळीत मांडायची. अर्बन स्केचर्सवाले, म्हणजे शहरात जागेवर बसून चित्रं काढणारे, जगभर असंच करतात, २००७ पासून चाललेली ती चळवळ आहे. आम्ही त्यात दोन गोष्टी आमच्या घातल्या. एक, ज्याला आपलं चित्र सगळ्यात बिघडलं असं वाटतं त्याने आधी मांडायचं. पहिल्या वेळी कोणीच उठलं नाही. दुसऱ्या वेळी एक निवृत्त बँक अधिकारी उठले आणि ओंकारेश्वराचा कळस कोथिंबिरीच्या जुडीसारखा झालेला कागद त्यांनी ठेवला. सगळे इतके हसले की पुढची सात चित्रं दोन मिनिटांत खाली आली. दोन, 'छान', 'मस्त', 'अप्रतिम' हे शब्द ओळीपुढे बंद. त्याऐवजी प्रत्येकाने एवढंच सांगायचं: माझी नजर आधी कुठे गेली, मग कुठे गेली. काढणाऱ्याने शेवटी बोलायचं, तेही 'मला नजर कुठे न्यायची होती' एवढंच. 'वेळ कमी पडला', 'ब्रश खराब होता' ही कैफियत ऐकायची नाही.

हे वरवर साधं दिसतं. पण 'नजर आधी उजव्या कोपऱ्यातल्या लाल स्कूटरवर गेली' असं पाच जणांनी सांगितलं की स्कूटर का घातली याचा विचार आपोआप होतो. शाळेत मी हेच 'कंपोझिशन' म्हणून फळ्यावर शिकवायचे आणि मुलं जांभया द्यायची.

आता चॅलेंजेस. लांब नकोत, अरुंद हवीत. महिनाभर काहीही काढा, यापेक्षा एका सकाळी तीनच रंग वापरा, हे कितीतरी जास्त शिकवतं. आमचं आजवरचं सगळ्यात उपयोगी चॅलेंज तेच: अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि येलो ऑकर (मातकट पिवळा). बाकी सगळ्या ट्यूब घरी. रंगपेटी उघडून पाहायचा अधिकार शेजाऱ्याला. तुम्हाला तर गोदाघाट आहे, हे तीन रंग जणू त्या दगडासाठीच बनलेत. बेसॉल्ट काळा असतो असं आपण म्हणतो, पण पॅलेटवर काळा घेतला की घाट मेला. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा. निळा जास्त झाला की सावलीतली पायरी, तपकिरी जास्त झाला की उन्हातली. आणि ओली पायरी कोरडीपेक्षा गडद असते असं मनात धरून बसू नका. उजेडाकडे तोंड करून तिरकं पाहिलंत तर ती आकाश परत दाखवते, कोरडीपेक्षा उजळ दिसते. ते दिसलं त्या दिवशी मी इतकी मोठ्याने ओरडले की शेजारी संध्या करणारे काका दचकले होते.

पावसाळ्यात हेच तीन रंग हिरव्याचंही काम करतात. येलो ऑकर आणि अल्ट्रामरीन मिळून जो मळकट हिरवा होतो, तो श्रावणातल्या डोंगराच्या फार जवळ जातो. ट्यूबमधला सॅप ग्रीन तसाच लावला की अंजनेरीच्या डोंगरावर प्लास्टिकची चटई अंथरल्यासारखं दिसतं. सुरुवातीला कोणीतरी कुरकुर करेल, 'लाल नाही, मग साड्या कशा काढू?' नका काढू. त्या दिवशी साड्या तपकिरी.

दुसरं, एकच जागा पुन्हा पुन्हा. कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या परिसराची चित्रं परत परत करत राहिले. हौशी लोकांना मात्र दर रविवारी नवी जागा लागते, आणि मग दर रविवारी नव्या जागेची ओळख करून घेण्यातच सकाळ जाते. तुम्ही गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती धरा. वर्षभरात सहा वेळा तिथेच जा. उन्हाळ्यात तो पायापासून पूर्ण दिसतो, पावसाळ्यात गोदावरीचं पाणी चढत जातं आणि अख्खं नाशिक पूर त्याच्या अंगावरूनच मोजतं. दर वेळी नदीच तुमचं कंपोझिशन बदलून देते, तुम्हाला नवा विषय शोधावाच लागत नाही. (पुराच्या दिवसांत लांबून, पुलावरून किंवा उंचावरून काढा. चित्रासाठी पायऱ्या उतरू नका, एवढं बाईचं ऐका.)

एकाच जागेचा आणखी एक फायदा. १८६९ च्या उन्हाळ्यात मोने आणि रेन्वार पॅरिसजवळ सीन नदीवरच्या ला ग्रनुयेर नावाच्या जलविहाराच्या ठिकाणी शेजारी शेजारी बसून तोच देखावा रंगवत होते. तेव्हा दोघेही तिशीच्या आतले, दोघांचेही खिसे रिकामे. दोघांची चित्रं आज शेजारी ठेवून पाहिली तर गंमत कळते. जागा तीच, छोटं बेटही तेच. पण मोनेचं लक्ष पाण्यावरच्या आडव्या पट्ट्यांकडे, तर रेन्वारचं माणसांच्या कपड्यांकडे आणि झाडाच्या मऊपणाकडे. तुम्ही आठ जण एकाच पायरीकडे तोंड करून बसलात की ओळीत हेच दिसतं. कोणाला माणसं दिसतात, कोणाला दगड, आणि एक जण असतोच ज्याला विजेच्या तारा दिसतात. आपली हौस कशाची आहे हे कळायला मला वयाची पन्नाशी उलटावी लागली, आणि ते मला शेजारच्याचं चित्र पाहून कळलं.

वेळेचं बंधन घातलेलं चॅलेंजही ठेवा. एका कागदाचे टेपने चार भाग करायचे, प्रत्येकात तेच दृश्य: पाच मिनिटं, पाच मिनिटं, दहा, वीस. पहिल्या दोन चौकटी बहुतेक वेळा चौथीपेक्षा ताज्या निघतात. का ते मी सांगणार नाही, ओळीत बघा. मोठ्या फ्लॅट ब्रशचं चॅलेंज म्हणजे दीड इंची ब्रशखेरीज काहीच वापरायचं नाही. खिडक्यांचे गज मोजत बसणाऱ्यांसाठी ते औषध आहे.

कागदाची अदलाबदल मात्र जपून. पंधरा मिनिटांनी आपला कागद डावीकडच्याला द्यायचा, त्याने पुढे रंगवायचं, असं चार वेळा. आम्ही हे फार लवकर, तिसऱ्या भेटीत केलं आणि एक जण रागावून घरी गेला. त्याच्या स्वच्छ सोडलेल्या आकाशात कोणीतरी कावळे घातले होते. वर्षभराने तेच चॅलेंज परत केलं तेव्हा तोच दुसऱ्यांच्या आकाशात कावळे घालत होता. ओळखी मुरल्याशिवाय हे करू नका, एवढंच.

घरून करायचं चॅलेंज आठवड्याला एक पुरे. रविवारी रात्री एक वस्तू जाहीर करायची, पुढच्या शनिवारपर्यंत चित्र. तांब्या, सोललेला नारळ, गॅसची शेगडी, मिक्सरचं भांडं. आमच्याकडे सगळ्यात गाजलं ते 'सिंकमधली खरकटी भांडी'. ग्रुपवर टाकताना नियम दोनच: अंगठे, टाळ्या बंद, आणि त्या आठवड्यातली दोन चित्रं एकत्र टाकायची, एक जमलेलं आणि एक फसलेलं. फसलेलं नसेल तर त्या आठवड्यात तुम्ही पुरेसे कागद वापरले नाहीत असं आम्ही धरतो.

आता आउटिंग. तुमच्या त्र्यंबकच्या सहलीत चूक काय झाली ते मला इथे बसून दिसतं, कारण मेणवलीला आमची हीच गत झाली होती. वाईजवळ कृष्णेवरचा मेणवलीचा घाट, नाना फडणवीसांचा वाडा, सगळं डोळ्यांपुढे ठेवून आम्ही घरच्यांसकट बावीस माणसं नेली. नऊ वाजता पोहोचलो, नाश्ता साडेनऊला, दहाला पोरांनी पाण्यात उतरायचा हट्ट धरला, अकराला ऊन डोक्यावर. दिवसभरात चित्रं दोन. एक माझं, त्यात घाटापेक्षा आमच्या सतरंज्याच जास्त. तिथे देवळाजवळ टांगलेली पोर्तुगीज घंटा दाखवायची तेवढी आठवणीने दाखवली. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आलेली ती घंटा. तुमच्या नारोशंकराच्या देवळातली घंटाही वसईचीच म्हणतात, तेव्हा दोन्ही एका चित्रमालिकेत आणता येतील. असो.

तेव्हापासून आम्ही सहल आणि लँडस्केप वेगळे केले. घरच्यांना घेऊन वर्षातून एकदा जायचं, तेव्हा चित्राची अपेक्षाच ठेवायची नाही. लँडस्केपला मात्र फक्त काढणारे. उजाडायच्या आधी निघायचं. जानेवारीत तुमच्याकडे सव्वासातच्या आसपास सूर्य वर येतो, तर सातला जागेवर. मे महिन्यात सहाच्या आत. खाणं चित्रानंतर. हा नियम मोडला की बाकी सगळे मोडतात, मिसळ आधी खाल्ली की हात जड होतो आणि मन घरी जातं. चहा चालेल, पण चहाचा कप आणि रंगाचं पाणी एकमेकांपासून हातभर लांब. आमच्यातल्या तिघांनी अल्ट्रामरीन चाखलेला आहे.

पोहोचल्यावर जागा निवडायला दहा मिनिटं. त्यात कोणी बसलं नाही तर ग्रुपने त्याला जागा द्यायची, तक्रार चालणार नाही. हौशी चित्रकाराची सकाळ 'अजून चांगला अँगल' शोधण्यात संपते, हे मी शपथेवर सांगते. बसल्यावर आधी सावल्यांचे आकार पेन्सिलीने आखून पक्के करून टाका आणि मग सूर्य कुठेही जावो, त्यांना हात लावू नका. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. दोन तासांच्या चित्रात तुम्ही सावल्यांच्या मागे धावलात तर चित्राच्या डाव्या भिंतीवर सातचं ऊन आणि उजवीवर नऊचं. तसं चित्र काय खटकतंय ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकतं.

बसायचं सावलीत, कागद आणि पॅलेट दोन्ही सावलीत. उन्हातला पांढरा कागद डोळे दिपवतो, मग आपण रंग वाजवीपेक्षा गडद लावतो आणि घरी ट्यूबलाइटखाली ते चित्र काळंमिट्ट दिसतं. मे महिन्यात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, ब्रशखालीच वाळतो, तेव्हा फवाऱ्याची छोटी बाटली ठेवा आणि कागद पाठीमागूनही भिजवून घ्या. पावसाळ्यात उलट, वॉश वाळायचं नाव घेत नाही. त्या दिवसांत आम्ही जलरंगाचा हट्ट सोडून देवळाच्या ओवरीत बसून पेन आणि कोळशाने काढतो.

सामान एका खांद्यावर मावेल इतकंच. पिळून वापरायची धातूची ट्यूब १८४१ मध्ये जॉन रँडने काढली आणि चित्रकाराला रंग घेऊन घराबाहेर पडणं सोपं झालं. आपण मात्र त्या सोयीवर ईझल, छत्री, दोन स्टूल आणि स्पीकर चढवले. कागद क्वार्टर साइज, म्हणजे अकरा बाय पंधरा इंच, त्याहून मोठा नको. तीनशे जीएसएमचा असेल तर ताणून बसवायची कटकट नाही, चारी बाजूंनी टेप लावली की झालं. महागडा कॉटन कागद असेल तर त्याचे चार तुकडे करून न्या. पूर्ण महाग कागदापुढे हात आखडतो, आणि आखडलेल्या हाताने आकाश लावता येत नाही. एक सुती फडकं, दोन चिमटे, पाण्याला जुना दह्याचा डबा. चिमटे विसरू नका. वाऱ्याने माझा बोर्ड चित्रासकट कृष्णेत गेलाय आणि तो परत आणून देणाऱ्या मुलाने विचारलं होतं, "आजी, हे आधीपासूनच असं होतं का?"

बघ्यांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तिघा-चौघांचा मुख्य धसका तोच असतो. घाटावर माणसं येऊन मागे उभी राहणारच. आम्ही दोघं-दोघं जवळ बसतो, एकटं कोणी नाही. बायकांसाठी तर हे आवश्यकच, आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते आदल्या दिवशी विचारून ठेवणं हेही आउटिंगच्या आखणीतच येतं. पिशवीत चार जादा कागद ठेवा. लहान मूल मागे घोटाळायला लागलं की त्याला कागद आणि पेन्सिल द्यायची, ते शेजारी बसून काढतं आणि बाकीच्या पोरांना तेच हाकलतं. बाजारात माणसांची रेखाटनं करायची असतील तर आधी थोडी भाजी घ्या, मग विचारा, आणि झालेलं रेखाटन दाखवा. तुमचा गोदाकाठचा बुधवारचा बाजार यासाठी फार चांगला आहे. संरक्षित वास्तूच्या आवारात मांडीवरच्या वहीला सहसा कोणी हटकत नाही, स्टँड उभा केला की पहारेकरी येतो. त्याच्याशी वाद न घालता स्टँड मिटायचा.

प्रदर्शनाबद्दल तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय, 'लक्ष्य म्हणून प्रदर्शन ठेवावं का?' पहिली दोन वर्षं अजिबात नको. आम्ही तिसऱ्या वर्षी केलं. हॉलचं भाडं, फ्रेम, कोणाची किती चित्रं, कोणतं दारासमोर, एकाची चार विकली गेली आणि दुसऱ्याचं एकही नाही. नंतर सहा महिने ओळीत सगळे फक्त चांगलीच चित्रं मांडायला लागले. कळस-कोथिंबीरवाले बँकेतले काकासुद्धा! तो ग्रुप परत रुळावर यायला पूर्ण एक पावसाळा सिंकमधली भांडी काढावी लागली.

आठपैकी किती जण येतील याची काळजी करू नका. आमच्याकडे यादीत एकोणीस नावं आहेत, रविवारी सहा-सात दिसतात. महिन्याचा दुसरा रविवार असं पक्कं धरा, 'कोणाला कधी जमेल' असं विचारत बसलात की संपलं. दोघं आले तरी जायचं, आणि दोघांचीही ओळ मांडायची.

पहिला रविवार असा करून पाहा: दुतोंड्या मारुती, सकाळी सात, तीन रंग, क्वार्टर कागद, साडेनऊला ओळ, मग मिसळ. शिवाय प्रत्येकाने ऑक्टोबरच्या चॅलेंजमध्ये ग्रुपवर न टाकलेलं एक चित्र घेऊन यायचं. ते असतंच, कपाटात उलटं ठेवलेलं.

जानेवारीत मी भाचीकडे नाशिकला येते आहे. माझी चार फसलेली चित्रं घेऊन येईन. ओळ कोणत्या पायरीवर मांडायची, तेवढं बघून ठेवा. ओली नको.